भाऊजींनी बसवलेला हात

आमच्या दारातून निघून चौक ओलांडला की समोर किराणा दुकान. दोन मिनिटांचं काम. भाऊजींना मात्र तिथून साखर आणायला सांगितली की वीस मिनिटं लागायची, कारण ते चौकातून जातच नसत. इमारतीच्या मागच्या दारानं निघायचं, छापखान्याची गल्ली धरायची, शाळेच्या भिंतीला वळसा घालायचा आणि पोस्टाच्या मागून दुकानात शिरायचं. परत येतानाही तीच प्रदक्षिणा. इकडे मी चहाचं आधण ठेवून बसलेली. पाणी आटून निम्मं व्हायचं, तेव्हा कुठे हे गृहस्थ परगावाहून आल्यासारखे धापा टाकत जिना चढायचे.

"भाऊजी, चौकात काय वाघ बसलाय का?"

"वाघ असता तर गेलो असतो," असं म्हणून ते पुडी ओट्यावर ठेवायचे, तीही ओट्याच्या कडेला बरोबर समांतर.

चौकात वाघ नाही, कप्तानसाहेबांचा पुतळा आहे. चौथऱ्यावरच्या पाटीत त्यांची सगळी कामगिरी कोरली आहे. धुक्याआडून येणारी शत्रूची जहाजं पहाटे सगळ्यांच्या आधी त्यांनी ओळखली आणि एकट्या जहाजानं बंदराचं तोंड दुपारपर्यंत अडवून धरलं. गाव वाचलं ते त्यांच्यामुळे. पुतळा ब्राँझचा, माणसाच्या दीडपट उंच. लांब कोट, डावा हात तलवारीच्या मुठीवर, उजवा हात छातीसमोर आडवा आणि त्या मुठीत मिटलेली दुर्बीण. ही दुर्बीण मुठीत उभी आहे. आपल्यासारखा खालून बघणारा माणूस दुर्बीण वगैरे काही म्हणत नाही. त्याला दिसतं लाटणं. समुद्र गाजवलेला हा वीर कुणावर तरी चिडून स्वयंपाकघरातून तडक बाहेर आला आहे, असंच वाटतं. सगळं गाव आमच्या चौकाला 'लाटण्याचा चौक' म्हणतं. बसचा कंडक्टरसुद्धा, "लाटणंवाले, उतरा!" असं ओरडतो.

लोक हसायचे. भाऊजी हसायचे नाहीत. आणि का हसत नाहीत हे सांगायचेही नाहीत.

हे माझे मोठे दीर. फाउंड्रीत पस्तीस वर्षं जोडणीचे मिस्त्री होते. मोठा पुतळा एका ओतात होत नाही. हात वेगळा, डोकं वेगळं, धड तीन-चार तुकड्यांत असं ओततात आणि मग ते तुकडे जोडतात. भाऊजींनी जोडलेला सांधा बोटानं चाचपला तरी लागत नसे, असं त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं अजून सांगतात. आठ वर्षांपूर्वी जाऊबाई गेल्या आणि आम्ही त्यांना आमच्याकडे घेऊन आलो. माणूस सोन्यासारखा. पण सोन्याबरोबर राहणं किती अवघड असतं, ते सोन्याला कुणी विचारत नाही आणि आपल्यालाही नाही.

एक फळी बसवायची होती स्वयंपाकघरात. दुसऱ्या कुणी अर्ध्या तासात बसवली असती. यांनी पहिला दिवस भिंत वाकडी आहे हे सिद्ध करण्यात घालवला, दुसरा दिवस मोजमापात, आणि तिसऱ्या दिवशी चार भोकं पाडली. चौघांमधलं अंतर सुताभराचाही फरक न पडता सारखं. फळी बसली ती आजतागायत हललेली नाही, हे कबूल. पण तीन दिवस माझे डबे जमिनीवर होते. डब्यांच्या कड्या एकाच दिशेला हव्यात, चपला दारात जोडीनं हव्यात, वर्तमानपत्र वाचून झालं की घडीवर घडी हवी. आमच्या यांना मी एकदा म्हटलंसुद्धा, "तुमचे भाऊ माझ्याकडेच असे बघतात की मीही कुठे वाकडी बसले आहे की काय, असं वाटतं." हे म्हणाले, "लहानपणी मला पण तसंच बघायचा. सवय होते." झालं! नवऱ्याकडून मिळालेली मदत एवढीच.

पण खरं भांडण खिडकीवरून. आमच्या पुढच्या खोलीची खिडकी चौकावर उघडते. हे घर मी त्या खिडकीसाठीच घ्यायला लावलं होतं. सकाळची कामं आवरली की तिथे भाजी निवडत बसायचं आणि खालची वर्दळ बघायची, हा माझा दिवसातला एक सुखाचा तास. भाऊजी आले तसा तो तास गेला. मी पडदा सारायची, ते ओढायचे. मी पुन्हा सारायची. ते काही न बोलता उठायचे, पडदा ओढायचे आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून बसायचे.

"ऊन येतं," एकदा कारण दिलं.

"खिडकी उत्तरेला आहे, भाऊजी."

"मग वारं येतं."

दुसऱ्या वर्षी एक दिवस दुपारी ते कागद घेऊन माझ्यापुढे बसले. "तुझं अक्षर चांगलं आहे. एक अर्ज लिहून दे नगरपालिकेला." मजकूर त्यांनी मनात पक्का केलेलाच होता. चौकातल्या पुतळ्याचा उजवा हात मनगटापाशी पाव वळण चुकीचा बसला आहे. दुर्बीण उभी नसून समोर, समुद्राच्या दिशेला रोखलेली हवी. कृपया तज्ज्ञाकडून दुरुस्ती करून घ्यावी.

"खाली नाव काय घालू?"

"एक नागरिक."

"अहो, मी पदवीपर्यंत शिकले आहे. निनावी अर्ज कुणी वाचत नाही. फाईललाही लावत नाहीत."

"मजकूर खरा आहे ना? मग पुरे."

असे चौदा अर्ज मी सहा वर्षांत लिहिले. 'एक नागरिक', 'एक जागरूक नागरिक', एकदा तर 'समुद्रप्रेमी'. एकाचंही उत्तर आलं नाही. येणार कुठे? पत्ताच नव्हता. तरी दर वेळी पंधरा दिवस भाऊजी पोस्टमनच्या वेळेला जिन्यात उभे. मी कपाळाला हात लावायची आणि पुढच्या अर्जासाठी पेनात शाई भरायची. म्हातारपणी माणसाला एखादा छंद लागतो, यांना हा लागला असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती.

खरं काय ते मला चकाकीनं सांगितलं. चकाकी म्हणजे त्यांच्याच फाउंड्रीतला घासकाम आणि पॉलिशवाला. नाव मागे पडलं, हेच उरलं. गोल चेहरा, मोठा आवाज, पोटात काही राहत नाही. एकदा चहाला आला, पडदा बाजूला करून खाली बघितलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "काय मिस्त्री, तुझं लाटणं अजून उभंच!"

भाऊजी उठून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"म्हणजे? यांचं लाटणं?" मी विचारलं.

"बोलला नाही होय कधी?" चकाकीनं आवाज कमी केल्यासारखं केलं, म्हणजे आता फक्त शेजारच्या घरापर्यंत ऐकू जात होतं. "अहो, तो हात यानंच बसवलाय! त्याचं काय झालं, सांध्याच्या दोन्ही कडांवर आम्ही छिन्नीनं एक खाच मारतो. खाचेला खाच भिडली की जोड बरोबर. आता घासताना माझ्याकडून ती खाच गेली. गेली तर गेली. बाकीचे मिस्त्री बोल्टच्या चार भोकांमधलं एक भोक मुद्दाम थोडं सरकवून पाडायचे. म्हणजे तुकडा एकाच तऱ्हेनं बसतो, चुकायची सोयच नाही. पण हा पडला टापटिपीचा! चारी भोकं सारख्या अंतरावर. ती मूठ चारही बाजूंनी छान बसत होती! दुसऱ्या दिवशी सकाळी अनावरण. शिल्पकार महिनाभर आधी वारलेले. विचारणार कुणाला? यानं बसवली अंदाजानं, आणि कप्तानाच्या हातात आलं लाटणं."

मी आमच्या फळीकडे बघितलं. चार स्क्रू, सारख्या अंतरावर.

चकाकी गेल्यावर मी दारावर टकटक केली. "भाऊजी, बाहेर या. चूक माणसाच्याच हातून होते. आता अर्जावर नाव घाला, सही करा, एका महिन्यात काम होईल. ज्यानं बसवला तोच सांगतोय म्हटल्यावर त्यांना ऐकावंच लागेल."

दार उघडलं. "पस्तीस वर्षांत शेकड्यांनी सांधे केले. एक दाखव उघडलेला. आणि आता या वयात सही करून गावाला सांगू, की तुम्ही ज्याला हसता तो मी?"

"मग हात सरळ कसा होणार?"

"व्हायला हवा," ते म्हणाले. "पण माझं नाव नको."

हे असं! हात सरळ झालाच पाहिजे, आणि तो कुणी वाकडा केला ते कुणाला कळता कामा नये. दोन्ही एकदम कसं जमणार, ते मात्र मी आणि माझ्या पेनानं बघायचं.

चकाकीशी दोन महिने अबोला. आणि त्याच सुमाराला मला दिसायला लागलं की भाऊजी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. आधी वाटलं थंडी आहे. मग सुईत दोरा ओवून द्यायचं त्यांनी बंद केलं. आधी माझ्या सगळ्या सुया तेच ओवून ठेवायचे, एका रांगेत. डॉक्टरांनी सांगितलं, हाताचा कंप आहे, हळूहळू वाढेल, गोळ्यांनी थोडा आवरेल एवढंच. घरी येताना जिन्यात थांबून ते एकच वाक्य बोलले, "अजून वर्षभर पाना धरता येईल." मला कळलं ते कोणत्या कामाबद्दल बोलतायत. तज्ज्ञाकडून वगैरे सगळं अर्जापुरतं होतं. तो हात त्यांना स्वतःच सरळ करायचा होता, स्वतःचे हात आहेत तोवर.

पुढचं सगळं एका कापडी फलकामुळे झालं. कपड्यांच्या कुठल्याशा सेलचा फलक लावायला कुणीतरी दोरी थेट कप्तानसाहेबांच्या मुठीला बांधली. दुसरं टोक विजेच्या खांबाला. घरसामान वाहून नेणारा एक ट्रक कपाटं उभी रचून आला, कपाटात दोरी अडकली, आणि ड्रायव्हरला कळेपर्यंत कडकन मोठा आवाज झाला. मी खिडकीत होते, कारण भाऊजी अंघोळीला गेले होते आणि पडदा माझ्या ताब्यात होता. कप्तानाची मूठ मनगटापासून सुटून एका बोल्टवर लोंबकळत होती. आत लोखंडी बोल्ट वापरले होते, ते तीस वर्षांत गंजून गेले असणार. दुपारी नगरपालिकेची माणसं आली, मूठ उतरवून घेऊन गेली आणि मनगटाला त्यांनी गोणपाट बांधलं.

भाऊजींनी त्या दिवशी आपणहून पडदा उघडला. तासभर खिडकीत उभे होते. चेहऱ्यावर काय होतं, सांगणं कठीण. देवानं आपलं ऐकलं खरं, पण हे असं ऐकायचं असतं का, असं काहीतरी.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचे इंजिनिअर घरी आले. तिशीतला मुलगा, घामाघूम, हातात फाईल. फाउंड्री केव्हाच बंद पडलेली, मूठ कुणाला बसवता येईना, शेवटी चकाकीनं भाऊजींचा पत्ता दिला होता. पोटात राहत नाही म्हटलं ते याच्यासाठी.

"काका, सोमवारी रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायची पाळण्याची गाडी देतो, हाताखाली माणसं देतो. तुम्ही फक्त मूठ बसवून द्या." त्यानं फाईलमधून पुतळ्याचा जुना फोटो काढला. "जशी होती अगदी तशीच."

"तशी नाही बसवणार," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे?"

"ती चुकीची आहे. दुर्बीण आडवी हवी, समोर तोंड करून."

"असं कोण म्हणतं?"

भाऊजींनी फोटो टेबलाच्या कडेशी समांतर लावला. मी ट्रे घेऊन दारात उभी. म्हटलं, आता बोलतील. आता बोलतील!

"तुमच्याकडे पत्रं आली असतील ना," भाऊजी दुसरीकडे बघत म्हणाले, "या बाबतीत."

"ती निनावी? अहो, तो कोणीतरी चक्रम आहे! आमच्या ऑफिसात ती पत्रं आली की सगळे जमून वाचतात. 'समुद्रप्रेमी'!" इंजिनिअर अगदी मनापासून हसला. "अक्षर मात्र मोत्यासारखं आहे हं."

"घ्या, चहा घ्या," मी म्हटलं आणि कप जरा जोरातच ठेवला.

इंजिनिअर पुढे म्हणाला ते अगदी सरळ होतं. पुतळा गावाचा, त्यात बदल करायचा तर कारण हवं. मूळ काम माहीत असलेल्या माणसानं नाव, पत्ता, सही घालून लिहून दिलं, तर तो साहेबांची मंजुरी आणेल. नाहीतर फोटोप्रमाणे. सोमवारी सकाळी नऊला गाडी येईल. जाताना दारात थांबून म्हणाला, "काका, तुम्ही नाही म्हणालात तर मी वेल्डिंगवाल्याला बोलावतो. तो कायमची डागून टाकील. मग कुणालाच कधी हलवता येणार नाही."

शुक्रवार गेला. शनिवार गेला. घरात एवढी शांतता, की नळ गळतोय हे मला प्रथमच कळलं. भाऊजींनी माझे डबे दोनदा पुसले. शनिवारी जेवताना आमचे हे म्हणाले, "दादा, लिहून टाक ना एकदाचं." दादा ताटावरून उठून गेले. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "मी काय वाईट बोललो?" काही नाही. बरोबरच बोललात. आठ वर्षांत प्रथमच बोललात, एवढंच.

रविवारी दुपारी कागद आला माझ्यापुढे. मी पेन उघडलं.

"लिही. सदर पुतळ्याच्या जोडणीच्या वेळी कामगारांकडून..."

"कोणत्या कामगारांकडून?"

"त्या वेळच्या मिस्त्रीकडून लिही मग."

"तो मिस्त्री कोण?"

"असतो एक. फाउंड्रीत असतातच मिस्त्री."

मी पेन खाली ठेवलं. माझाही संयम कुठेतरी संपतो. "भाऊजी, चौदा अर्ज लिहिले. नगरपालिकेत माझं अक्षर सगळे जमून वाचतात आणि हसतात. मी चक्रम ठरले, समुद्रप्रेमी ठरले. आता एक तर नाव घाला, नाही तर उद्या वेल्डिंगवाला येऊ दे. मला भाजी चिरायची आहे."

ते कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले. उजवा हात मांडीवर आपोआप हलत होता, त्यावर त्यांनी डावा दाबून धरला होता.

"नुसतं चुकलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं," ते म्हणाले. "अनावरण झालं. कापड खाली आलं, टाळ्या झाल्या. गर्दी पांगली आणि शिल्पकाराची बायको माझ्यापाशी आली. पांढरी साडी, हातात पिशवी. वर बघत होती. नवऱ्याच्या हाताखाली तिनंच त्या मातीच्या नमुन्याला पाणी मारलं असणार महिनोन् महिने. मला हळूच विचारलं, 'मिस्त्री, हात फिरवलात का हो?' मी म्हटलं, 'नाही बाई. असाच होता.'"

मी उघड्या पेनाला टोपण लावलं.

"ती म्हणाली, 'असेल. मलाच आठवत नसेल.' आणि गेली. तिला आठवत होतं गं! तिला बरोबर आठवत होतं, आणि मी तिला सांगितलं की तुलाच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मालकाला म्हटलं, शिडी द्या, तासाचं काम आहे. मालक म्हणाला, आता मंत्र्यानं हार घातलाय, तोंड बंद ठेव. मी ठेवलं. पुढे ती बाई गाव सोडून गेली, मग वारल्याचं कळलं."

बाहेर बस थांबली. कंडक्टर नेहमीसारखा ओरडला. भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

मला राग यायला हवा होता की रडू, हे ठरेना. एकतीस वर्षं हा माणूस एका प्रश्नाला वळसा घालून साखर आणत होता, आणि मी त्याला ऊन-वाऱ्याची कारणं विचारत होते. मी म्हटलं, "हे पण लिहायचं?"

"ते कशाला? ते नगरपालिकेचं काम नाही." मग थोडं थांबून, "हात मी बसवला एवढं लिही. खूण पुसलेली होती, तरी मी अंदाजानं सांधा केला. भोकं मी सारखी पाडली. कुणी विचारलं तेव्हाही मी कबूल केलं नाही. एवढं."

मी लिहिलं. खाली त्यांचं पूर्ण नाव, घराचा पत्ता, मजला. सही त्यांनी केली. वेडीवाकडी आली. त्यांना ती इतकी नावडली, की दुसरा कागद घे म्हणाले. मी म्हटलं, "मुळीच नाही. हीच जाणार," आणि घडी घालून कागद आमच्या यांच्या हातात दिला. हे त्याच पावली इंजिनिअरच्या घरी देऊन आले. आयुष्यात एवढ्या लगबगीनं यांना मी प्रथमच बघितलं.

सोमवारी साडेनऊला गाडी आली. मंजुरी आली ती पावणेअकराला, कारण साहेबांची सही लागत होती आणि साहेबांना चष्मा सापडत नव्हता. तोवर चौकात पन्नासएक माणसं जमली. भाऊजी इमारतीच्या पुढच्या दारानं निघाले आणि सरळ चौकात गेले. मी मागे पिशवीत ब्राँझचे नवे बोल्ट आणि पाना घेऊन. चकाकी आधीच पाळण्यात चढून बसला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चकाकी म्हणाला, "या वेळी मी काही घासत नाही, बाबा." भाऊजी म्हणाले, "सरक तिकडे." अबोला सुटला.

पाळणा वर गेला. मूठ चकाकीनं तोलून धरली, भाऊजींनी कोटाच्या बाहीतला सांधा पुसला. पहिल्या बोल्टला पाना लावला आणि मला खालून दिसलं, हात थरथरत होता. पाना निसटला, ठणकन कप्तानाच्या बाहीवर आपटला. गर्दीतून कुणीतरी, "अरे, म्हातारा पडेल," म्हणालं. इंजिनिअर माझ्या बाजूला उभा राहून नख चावत होता. भाऊजी थांबले, मग त्यांनी आपलं कोपर कप्तानाच्या छातीवर घट्ट टेकवलं, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि पाना पुन्हा लावला. या वेळी हात स्थिरावला. एक बोल्ट, दुसरा, तिसरा. दर बोल्टला इतका वेळ की मला वाटलं, फळीचेच तीन दिवस पुन्हा सुरू झाले.

चौथा बसला. चकाकीनं मूठ सोडली. दुर्बीण आडवी, तोंड समोर, समुद्राकडे.

आणि लोक रागावले!

"अहो, लाटणं काय केलंत?" भाजीवाली ओरडली.

"आता हा चौक ओळखायचा कसा?"

"इतकी वर्षं बरोबर होतं, आत्ताच कसं चुकलं?" बसचा कंडक्टर बस सोडून खाली उतरला होता. "आधी ज्यानं बसवलं तो काय वेडा होता?"

पाळणा खाली येत होता. इंजिनिअर काहीतरी सारवासारव करायला पुढे झाला. भाऊजींनी त्याला हातानं थांबवलं.

"वेडा नव्हता," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "चुकला होता. मीच तो. मी बसवला होता."

मग कुणीतरी फिसकन हसलं, मग दोघं-तिघं हसले, मग कंडक्टर घड्याळ बघत बसकडे पळाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाजीवाली म्हणाली, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, बाबा?" आणि उत्तराची वाट न बघता गिऱ्हाइकाकडे वळली. भाऊजींनी मात्र उत्तर दिलं. तिच्या पाठीला सांगितलं, "चुकलंच ते."

चार दिवसांनी मी आणि भाऊजी साखर आणायला गेलो. दुकानदारानं डोकं वर केलं आणि म्हणाला, "या या! तुम्हीच ना ते हात चुकीचा बसवणारे?" दुकानात आणखी दोन बायका होत्या. त्याही बघायला लागल्या.

मला असा संताप आला! मी पुढे होऊन म्हटलं, "हो, आणि नीट बसवणारेही तेच. ते नाही दिसलं का कुणाला?"

"अगं, तू कशाला मध्ये पडतेस?" भाऊजींनी मलाच दटावलं. मग दुकानदाराकडे वळून, "हो, मीच तो. साखर दे एक किलो. आणि ती तराजूची दांडी एका बाजूला झुकलीये तुझी, काढ खाली, बघू."

त्यानं काढली. आम्ही तिथे पाऊण तास होतो.